बाहेरून कुलूप

दहिसरला नदीच्या अलीकडे 'शिवप्रभा' नावाची चार मजली इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर शेवंती घाडी राहते. तिच्या दाराला बाहेरून कडी नाही. होती, पण तिने सुतार बोलावून ती काढून घेतली, भोकांत रंगाऱ्याची लांबी भरली आणि वर रंगाचा हात मारला. आता ते दार फक्त आतून लागतं. बाहेरून कुलूप घालायची सोयच नाही, त्यामुळे घरातलं एक माणूस कायम घरात लागतं, आणि ते माणूस म्हणजे शेवंती. लग्नाकार्याला नवरा जातो. फारच जवळचं मयत असलं तर ती मुलांना घरी बसवून जाते आणि आंघोळीपुरतीही न थांबता परत येते. इमारतीतल्या बायका मागून हसतात. हसोत बापड्या. त्यातल्या निम्म्याजणी वीज आल्यावर, नळाला पाणी आल्यावर, जिन्याला कठडा लागल्यावर राहायला आल्या. शहाऐंशी साली इथे काय होतं ते त्यांनी पाहिलेलं नाही.

त्याआधी शेवंती परळच्या चाळीत होती. दहा बाय बाराची खोली, तीत थोरला दीर धोंडू, जाऊ, त्यांची चार मुलं, आणि नवरा लवू, शेवंती व त्यांची दोन. तेरा वर्षं नवऱ्याशी जे काही बोलायचं ते शेवंतीने गॅलरीत उभं राहून खालच्या आवाजात बोलून घेतलं. लवू आधी गिरणीत होता. संपाच्या वर्षभर आधी त्याने गिरणी सोडली, पण त्यात त्याची हुशारी काही नव्हती. छाती धरली म्हणून डॉक्टरने सोडायला लावली. मग फोर्टात एका कचेरीत लिफ्टमन लागला. दिवसभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या माणसाने घर घेतलं ते बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा आणि हसायचा.

दहिसर तेव्हा कात टाकत होतं. नदीकाठचे म्हशींचे तबेले उठत होते, जुन्या बैठ्या चाळी पाडून तिथे इमारतींच्या पाट्या लागत होत्या, खडीच्या रस्त्यावर डांबर पडत होतं. शहराचं शेवटचं टोक म्हणून जागा स्वस्त. "जकात नाक्याच्या पलीकडे मुंबई संपली, अलीकडे आहे तोवर घ्या," असं बिल्डरचा मॅनेजर नंदकिशोर येईल त्याला सांगायचा. बिल्डर शेठ कुणी कधी पाहिला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये नंदकिशोर बसायचा, प्रत्येक बाईला वहिनी म्हणायचा आणि पाणी विचारायचा. लवूने नकाशावर बोट ठेवून तीनशे तीन नंबर पसंत केला. धोंडूने खोलीतल्या हिश्शाचे दिले ते गेले, शेवंतीचं सोनं गेलं, लवूचा फंड गेला. आकडे सांगण्यात अर्थ नाही. सगळं गेलं एवढं पुरे. आणि परळला परतायची वाटही बंद झाली, कारण त्यांच्या जागी धोंडूच्या मोठ्या मुलाने बायको आणली.

ताबा पाडव्याला मिळायचा होता. मग अक्षय्य तृतीयेला. मग पावसाळा उघडल्यावर. पण त्याआधीच श्रावणात नंदकिशोरने "साफसफाई करून ठेवा" म्हणून एक किल्ली दिली. शेवंती झाडू-बादली घेऊन आली आणि तळमजल्यावरच्या प्रेमाने तिला जिन्यातच अडवलं. प्रेमा मूळची दहिसर गावठाणातली, इमारतीत सगळ्यांत आधी राहायला आलेली. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि पोटात पाप नव्हतं.

"झाडू काय घेऊन आलीस? सामान घेऊन ये," ती म्हणाली.

"अजून ताब्याचा कागद कुठे दिलाय त्यांनी?"

"कागद काय गं, कागद त्याच्याकडे गठ्ठ्याने आहेत. दोनशे दोनचे कागद दोघांकडे आहेत, माहितीये तुला? एकच जागा दोघांना विकली. आता जो आत बसला तो बसला, दुसरा कोर्टात चकरा मारतोय. तू आत बस. देव मांड, स्टोव्ह पेटव, दूध उतू घाल. आणि नाव घातलेली भांडी फळीवर लाव. उद्या पोलीस पंचनाम्याला आले ना, तर पहिली भांड्यांवरची नावं वाचतात."

शेवंतीने बादली पायरीवर ठेवली. घर घेतलं की संपलं, अशी तिची समजूत होती. घर घेऊनही ते कुणी काढून घेऊ शकतं, हे तिला त्या जिन्यात, हातात झाडू असताना, पहिल्यांदा कळलं. दोन दिवसांत लवूने टेम्पो केला. खिडक्यांना काचा नव्हत्या तिथे गोणपाट लावले, वीज नव्हती तिथे कंदील टांगला, पाणी प्रेमाच्या गावठाणातल्या विहिरीवरून आणलं. शेवंतीने नव्या ओट्यावर स्टोव्ह ठेवून दूध उतू घातलं आणि 'सौ. शेवंती लवू घाडी' असं नाव कोरलेला हंडा, कळशी, परात, सगळी भांडी नावं दिसतील अशी दाराकडे तोंड करून मांडली. तेरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते घर मिळालं, आणि त्या दिवसापासून तिला धड जेवण गेलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं. त्यामुळे जिन्यात पावलं वाजली की शेवंती ऐकत राहायची. पहिल्या मजल्यावर थांबली तर ठीक. दुसऱ्यावर थांबली तरी ठीक. त्याच्या वर आली, म्हणजे आपल्याच दारात. असं ऐकताना हातातलं काम थांबायचं आणि भाजी लागायची. लवू चिडायचा, कारण त्याला हे सगळं बायकांचं खूळ वाटे. तो मनाने चांगला माणूस होता, आणि त्या वर्षी त्याने जो घोळ घातला तो चांगुलपणातूनच घातला.

गणपती आले. गावच्या घरात भावांचा मिळून एक गणपती, आणि दर वर्षी एकाची पाळी. त्या वर्षी पाळी लवूची होती. कोकणातल्या माणसाला पाळी चुकवणं म्हणजे काय हे सांगायला नको. पगार बुडेल, नोकरी जाईल, पण पाळी चुकणार नाही. गावाला निघायच्या आधी चार लोकांना सांगून निघायचं हीही तिकडची रीत. परळला तो मजला अन् मजला फिरून सांगायचा. इथे मजल्यावर कुणी नव्हतं, म्हणून लवू खाली शेडमध्ये गेला आणि नंदकिशोरला सांगून आला.

"सांगलंय तेका," तो वर येऊन खुशीत म्हणाला. "म्हटलं, आमी गावाक जाताव, गौरी-गणपती झाले काय येताव, खोलयेर जरा लक्ष ठेवा. येताना नारळ आणतंय म्हटलं. खूश झालो तो."

शेवंती पिशवीत कपडे भरत होती. तिचे हात थांबले.

"दिवस पण सांगलात?"

"सांगूक नको? शेजारधर्म म्हणतत तेका."

"तो शेजारी नाय. तो मॅनेजर."

लवूने हात झटकला. पण निघायच्या सकाळी नंदकिशोर स्वतः रिक्षापर्यंत आला. ट्रंक उचलायला हात लावला. मुलांच्या गालाला हात लावला. आणि लवूला म्हणाला, "मग नक्की कधी परत, भाऊ? सगळेच चाललात ना? वहिनीसुद्धा?" एकदा सांगून झालेलं त्याने पुन्हा विचारलं, एवढंच. लवूने पुन्हा तिथीवार सगळं सांगितलं. शेवंती मात्र रिक्षा वळेपर्यंत मागे शेडकडे बघत होती.

बोरिवलीच्या डेपोत गावची एसटी लागली होती. सामान वर चढलं, मुलं खिडकीशी बसली. शेवंती दारातच उभी.

"माका उतरूचा आसा," ती म्हणाली.

"खंय?"

"घराक."

"अगो, खुळावलंस काय? थंय गणपतीक काय सांगू?"

"सांगा, ती घर राखूक रवली म्हणान. तेका कळतला."

लवूने आजवर तिला इतकं पांढरं पडलेलं पाहिलं नव्हतं. कंडक्टरने घंटी मारली, शेवंतीने पिशवीतून किल्ली घेतली आणि ती उतरली. गाडी वळेपर्यंत मुलं खिडकीतून बघत होती. लग्नानंतर गौरी-गणपतीला ती घरच्यांपासून वेगळी राहिली ती तेव्हा पहिल्यांदा.

परत आली ती मागच्या बाजूने, तबेल्याच्या पडक्या भिंतीवरून. प्रेमाने तिला स्वयंपाकघरात घेतलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून कपाळाला हात लावला.

"तारखा देऊन आला? झकास. आता त्याला फक्त माणसं आणायचीत."

"मी आत बसते ना. दिवसभर दार उघडं टाकते. बघू दे त्याला."

"एकटी बाई आहेस म्हणून बघू दे? चार दांडगे आणून बाहेर काढतील आणि म्हणतील कोण बाई, आम्ही ओळखत नाही. त्यापेक्षा तू गेलेलीच बरी." प्रेमाने थोडा विचार केला. "तू आत जा, आतून कडी घाल. मी बाहेरून कुलूप लावते. जो कुलूप तोडेल तो चोर. मग मी बघते त्याच्याकडे."

अशी शेवंती स्वतःच्या नव्या घरात पाच दिवस कुलपात बसली. स्टोव्ह पेटवायचा नाही, त्याची घरघर जिन्यात ऐकू जाते. पुढच्या खिडकीशी जायचं नाही. गूळ-पोहे खायचे, आणि दुपारी शेडमधली माणसं जेवायला बसली की मागच्या गॅलरीतून दोरी सोडायची. प्रेमा तिला डबा आणि पाण्याची बाटली बांधायची. बाहेर गावठाणात आरत्या चाललेल्या, टाळ वाजत होते, आणि ही भिंतीला टेकून बसलेली. मनात नाही नाही ते यायचं. प्रेमा बाजारात गेली आणि तिला काही झालं, तर आपल्याला इथून सोडवणार कोण? आग लागली तर? लवूची गाडी घाटात असेल, मुलं वाट बघत असतील. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, कुणी आलंच नाही तर पाळी चुकवल्याचं पाप तेवढं पदरात. कधी कधी तिला वाटायचं, एकदाचे येऊ देत. आणि लगेच ती उठून कडी पुन्हा चाचपायची.

ते आले पाचव्या दिवशी, गौरी यायच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास.

पावलं पहिल्या मजल्यावर थांबली नाहीत. दुसऱ्यावर थांबली नाहीत. तीन-चार माणसं होती, त्यात एक बाईची चप्पल. नंदकिशोरचा आवाज आला, "या, या, सांभाळून, कठडा अजून लागायचाय." मग कुलूप हलवल्याचा आवाज, आणि कानस घासायला लागली. शेवंती दारापासून दोन हातांवर उभी होती. कानस थांबली, हातोडीचे दोन घाव बसले आणि कुलूप बाहेर फरशीवर पडलं. कुणीतरी दार ढकललं. दार हललं नाही.

"आतून कडी?" नंदकिशोर म्हणाला. बाहेर सगळे गप्प झाले.

त्या गप्प होण्यातच शेवंतीला कळलं की पुढचा घाव दारावर बसणार. फळीवरची परात तिने ओढली, लाटणं घेतलं आणि परात बडवायला लागली. रिकाम्या इमारतीत तो आवाज काय घुमला म्हणता. तिच्या घरी गावाला त्याच वेळी जावांनी ताटं-चमचे वाजवत गौरी आत आणली असणार. गौर दारात आली की ताट वाजवायचं, तिच्या पायांवर पाणी घालायचं आणि ये बाई म्हणून आत घ्यायचं. हिने वाजवलं ते कुणी आत येऊ नये म्हणून.

प्रेमाकडे गौरीला तिच्या जावा-नणंदा जमलेल्या होत्या. परातीचा आवाज ऐकून त्या सहाजणी, नव्या लुगड्यांत, नाकात नथी, धाडधाड वर आल्या. दोनशे दोनवाला आपलं दार सोडायला तयार नव्हता, पण उंबऱ्यातून तो जोरात ओरडत राहिला. कुलूप कुणी तोडलं, कुणाला विचारून तोडलं, असा एकच गिल्ला. कुलूपवाला हत्यारं घेऊन आधी सटकला. नंदकिशोर "वहिनी, गैरसमज होतोय" असं सगळ्यांना एकदमच म्हणाला आणि शेठशी बोलतो सांगून तोही उतरला.

मग शेवंतीने कडी काढली आणि दार हातभर उघडलं.

समोर साधारण तिच्याच वयाची बाई उभी होती. इस्त्रीची साडी, चष्मा, कपाळावर घाम. दोन्ही हातांत पितळेचं पातेलं, त्यावर झाकण. बाजूला नवरा, बगलेत प्लास्टिकची फाइल, दुसऱ्या हातात स्टोव्ह. त्यांचं नाव पाटणकर. तो श्यामसुंदर, पार्ल्याला बिस्किटांच्या कारखान्यात टाइमकीपर. ती सुगंधा.

"आमच्याकडे कागद आहेत," श्यामसुंदर म्हणाला. "तीनशे तीन. पूर्ण पैसे भरलेत. आज चांगला दिवस म्हणून त्यांनी बोलावलं." त्याचा आवाज कापत होता. शेवंतीला ते ऐकून जास्तच भीती वाटली. गुंड असता तर ओरडता आलं असतं.

"आमच्याकडे पण आहेत," ती म्हणाली.

"आम्ही भाड्याची खोली सोडून आलोय," सुगंधा हळू म्हणाली. "सामान खाली टेम्पोत आहे. आई बसल्यात त्यात." मग तिने पातेलं थोडं पुढे केलं. "मला एवढं दूध उतू घालू द्या. मुहूर्ताचं आहे. मग काय ते बोलू आपण."

पोलीस यायचे तर येऊ देत, पण ही बाई आत येता कामा नये, हे शेवंतीला लख्ख दिसलं. कारण तिच्या जागी शेवंती असती तर तिने तेच केलं असतं. दूध तापायला ठेवलं असतं, ते तापेपर्यंत भिंतीला टेकली असती, आणि एकदा टेकल्यावर तिला उठवायची कुणाची छाती झाली नसती. दुधाचं पातेलं हातात घेऊन सवाष्ण दारात उभी, दिवस गौरीचा. शेवंतीने दाराच्या चौकटीवर आडवा हात धरला.

"नाय," ती म्हणाली.

एवढंच. त्याहून एक शब्द जास्त बोलली असती तर ती रडली असती, आणि रडली असती तर तिने हात काढला असता. सुगंधाने थोडा वेळ वाट पाहिली. तिला बहुधा वाटलं, बाई आहे, विरघळेल. मग श्यामसुंदरने तिच्या कोपराला धरलं. तिने पातेलं खाली फरशीवर ठेवलं, पदराने चष्मा पुसला आणि जिन्याकडे वळली. पातेलं तिथेच राहिलं. विसरली की मुद्दाम ठेवून गेली, हे शेवंतीला कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत दूध नासलं. प्रेमाने ते ओतून दिलं, पातेलं धुतलं आणि पालथं घालताना नाव वाचलं. सौ. सुगंधा श्या. पाटणकर.

"हे आत घेऊ नकोस," ती म्हणाली.

सांगायची गरजच नव्हती. शेवंती ते आत घेणारच नव्हती. दुसरीच्या नावाचं भांडं आपल्या घरात, आणि उद्या पंचनाम्यात लिहिलं गेलं तर? पण ते टाकवेनाही. विकायचं तर नावच काढलं नाही. शेवटी ते दाराबाहेर, विजेच्या मीटरसाठी केलेल्या फळीवर ठेवलं. लवू गावाहून आला, त्याला सगळं कळलं. तो बराच वेळ तुटलेलं कुलूप हातात धरून बसला आणि आणलेले नारळ त्याने प्रेमाच्या दारात नेऊन ठेवले. त्याच आठवड्यात शेवंतीने बाहेरची कडी काढून टाकली. पुन्हा कुणी आपल्याला बाहेरून कोंडू नये आणि आपण घर सोडून जाऊ नये, दोन्ही कामं एकदम झाली.

पाटणकर परत आले नाहीत. एक नोटीस आली, तिला रहिवाशांनी मिळून केलेल्या वकिलाने उत्तर दिलं, पुढे काही झालं नाही. पण शेवंतीने वाट बघायचं सोडलं नाही. वीज आली, पाणी आलं, तिसऱ्या मजल्यावर शेजार आला, नदीकडच्या रस्त्याला दुकानं लागली. दर दिवाळीला ती ते पातेलं चिंच लावून घासायची, पण बाहेरच, जिन्याशी बादली घेऊन, आणि पुन्हा फळीवर ठेवायची. दर वर्षी गणपतीला लवू आणि मुलं गावाला जायची, ती राहायची. नव्या शेजारणींना हा निव्वळ वेडेपणा वाटे. त्यांना बोलायला काय जातंय?

एकोणनव्वद साली सोसायटीची नोंदणी झाली आणि शेअर सर्टिफिकेट हातात आलं. त्यावर लवूचं आणि शेवंतीचं नाव छापलेलं. लवूने ते दोनदा मोठ्याने वाचलं.

"आता तरी चल गावाक," तो म्हणाला. "आता कोण येवचा नाय."

"तुमी जावा," शेवंती म्हणाली.

म्हणून त्याही वर्षी गौरीच्या दिवशी ती घरात एकटी होती. गावाला सगळं असलं तरी इथे तिने तेरड्याच्या पाच काड्या तांब्यात घालून गौर मांडली होती. अकराच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली. पहिला मजला. दुसरा. बाईची चप्पल. शेवंती उठून दाराशी गेली, आणि दार उघडण्याआधीच तिला माहीत होतं.

सुगंधा थोडी वाळली होती. चष्मा तोच. हातात कापडी पिशवी.

"खालच्या बाईंनी सांगितलं, माझं पातेलं अजून इथे आहे म्हणून," ती म्हणाली. "आईने लग्नात दिलेलं. शेठने आता नालासोपाऱ्याला दिलीय आम्हाला खोली. तीन वर्षं बहिणीकडे काढली. परवा राहायला जायचंय, दूध त्याच पातेल्यात उतू घालावं म्हटलं."

शेवंतीने मान हलवली. फळीकडे हात केला. पातेलं दिवाळीनंतर थोडं काळवंडलं होतं, त्याची तिला लाज वाटली. सुगंधाने ते घेतलं, बोटाने नाव चाचपलं आणि पिशवीत ठेवलं. मग ती शेवंतीच्या खांद्यावरून आत बघायला लागली.

"मागे गॅलरी आहे ना? आम्ही नकाशातच बघितली होती."

"या ना आत. बघा," शेवंती म्हणाली. मनापासून म्हणाली. सरकून वाटही दिली.

सुगंधा हलली नाही. तिची नजर शेवंतीच्या हाताकडे गेली होती.

"कडी सोडा, वहिनी," ती म्हणाली. "मी नाही बसणार आत."

शेवंतीने पाहिलं. तिचा उजवा हात आतल्या कडीवर घट्ट आवळलेला होता. बोटं पांढरी पडली होती. तो कधी तिथे गेला हे तिला कळलंच नव्हतं. तिने तो काढला तेव्हा सुगंधा जिना उतरायला लागली होती.

दुसऱ्या मजल्यापर्यंत पावलं गेली, आणि शेवंतीला गौरीपुढचा कुंकवाचा करंडा दिसला. गौरीच्या दिवशी सवाष्ण दारात आली आणि दुसऱ्यांदा कुंकू न लावून घेता परत चालली. करंडा उचलून ती धावत निघाली, अनवाणी, एका दमात तीन मजले, फाटकातून बाहेर, नाक्यापर्यंत. बस स्टॉपवर तिने सुगंधाला गाठलं. धापा टाकत तिच्या कपाळाला कुंकू लावलं. कुंकू नाकावर सांडलं. सुगंधाने ते पुसलं नाही. तिने करंड्यातलं बोटभर घेऊन शेवंतीला लावलं, आणि मग तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं.

"दार उघडं टाकून आलात तुम्ही," ती म्हणाली. "जा वर आधी."

शेवंतीने मागे वळून पाहिलं. इमारत तिथून दिसत होती. तिसरा मजला, डावीकडून दुसरी खिडकी, आत कुणी नाही आणि दार सताड उघडं. तीन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. कुणीतरी आत्ता जिना चढत असेल. कुणीतरी आत टेकलं असेल. पाय वळायला लागले होते, पण तिने करंड्याचं झाकण लावलं आणि ती सुगंधाच्या शेजारी उभी राहिली.

बस यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ दोघीही त्या खिडकीकडे बघत होत्या.